आधी घड्याळाला विचार, मग ड्रायव्हरला

अगं, आडगाव नाक्यावरच्या ट्रान्सपोर्ट ऑफिसात तुला गाड्यांवर लक्ष ठेवायला बसवलंय ना, मग एक गोष्ट आत्ताच कानावर घालते. स्क्रीनवर गाडी कुठे आहे हे दिसतं, त्यावर खुशाल विश्वास ठेव. ती तिथे किती वाजता होती हे जे शेजारी लिहिलेलं असतं, त्यावर मात्र चौकशी केल्याशिवाय ठेवू नकोस. या धंद्यात जागेवरून भांडणं फारशी होत नाहीत, होतात ती वेळेवरून. आणि वेळ जुळली नाही की पहिला जाब ड्रायव्हरला विचारला जातो, कारण घड्याळाला जाब विचारायची पद्धतच आपल्याकडे नाही.

तुला वाटेल, जीपीएसची वेळ चुकेलच कशी? जवळजवळ चुकत नाहीच. पण तुझ्या स्क्रीनवर दिसते ती थेट जीपीएसची वेळ नसते, हात बदलत आलेली वेळ असते. लहानपणी आपण कानगोष्टी खेळायचो, तसंच हे. उपग्रह गाडीत बसवलेल्या जीपीएसच्या डब्यातल्या रिसीव्हरला सांगतो, रिसीव्हर डब्याच्या स्वतःच्या घड्याळाला सांगतो, डबा सिमकार्डातून सर्व्हरला कळवतो, सर्व्हर तिची भारतीय वेळ करतो, मग ती रिपोर्टात उतरते आणि शेवटी कुणीतरी तो रिपोर्ट एक्सेलमध्ये उघडतो. मधल्या एकानेही चुकीचं ऐकलं की शेवटच्या कानात भलतंच पडतं. तुझं काम एवढंच, की कोणाच्या कानाशी चुकलं ते शोधून काढायचं.

आणि हे नुसतं तांत्रिक काम आहे असं समजू नकोस. ड्रायव्हरचा भत्ता वेळेवर ठरतो. गोदामाबाहेर गाडी अडकून पडली तर हॉल्टिंगचे पैसे वेळेवर ठरतात. ई-वे बिलाची मुदत दर 200 किलोमीटरला एक दिवस अशी चालते आणि मध्यरात्री संपते. मुदत संपण्याच्या आधी किंवा नंतर आठ तासांच्या आतच ती वाढवून घेता येते. पिंपळगावहून द्राक्षांचा कंटेनर न्हावा-शेव्याला निघाला की बंदराच्या गेटची वेळ पाळावीच लागते, नाहीतर जहाज निघून जातं. या सगळ्या ठिकाणी तुझ्या स्क्रीनवरची वेळ पाहून माणसं निर्णय घेत असतात.

एक प्रसंग सांगते. मालक कोण, ऑफिस कोणतं, ते विचारू नकोस. अंबडहून माल भरून गाडी भिवंडीला गेली. मालकाचा नियम असा, की रात्री बारा ते पाच गाडी चालवायची नाही. चालवली तर भत्त्यातून पैसे कापायचे. कसारा घाटाकडे बघता नियम चांगलाच. पण रिपोर्टात आलं की गाडी रात्री दीडला निघाली आणि पहाटे पाच वीसला पोचली. म्हणजे नियम समोर ठेवून मोडल्यासारखं! ड्रायव्हर येवल्याकडचा, वयाने मोठा. मी आठला निघालो आणि बाराच्या आत पोचलो, असं सांगून सांगून थकला. कोणी ऐकेना, कारण ‘सिस्टिममध्ये दिसतंय’. शेवटी भिवंडीच्या गेटवरच्या वहीचा फोटो मागवला. तिथे गाडी आत आल्याची वेळ होती 11 वाजून 50 मिनिटं. फरक काढ बरं. बरोबर साडेपाच तास. निघण्याच्या वेळेतही साडेपाच, घोटीच्या टोलनाक्यावरही साडेपाच. माणूस खोटं बोलतो तेव्हा इतक्या मापात बोलत नाही गं.

झालं असं होतं, की त्या गाडीचा डबा नुकताच बदललेला. डब्याने वेळ यूटीसीमध्ये, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत पाठवायची आणि सर्व्हरने त्यात साडेपाच तास मिळवून भारतीय वेळ करायची, अशी रीत. पुण्याच्या एआरएआय या वाहन-संशोधन संस्थेने अशा डब्यांसाठी काढलेल्या एआयएस-140 या मानकातही पॅकेटमधली, म्हणजे डब्याने पाठवलेल्या नोंदीतली, वेळ यूटीसीच असते. नव्या डब्याला मात्र कोणीतरी उत्साहाने भारतीय वेळ शिकवून ठेवली होती. सर्व्हरने आपलं नेहमीचं काम केलं आणि त्यात आणखी साडेपाच तास घातले. म्हणजे दोघंही आपापल्या जागी शहाणे, आणि चोर सोडून संन्याशाला फाशी.

म्हणून माझा पहिला मंत्र: फरकाचा आकडा काढ. घड्याळाच्या प्रत्येक दुखण्याचा आकडा वेगळा असतो, आणि तो ओळखायला इंजिनिअर असावं लागत नाही.

साडेपाच तास पुढे असेल तर प्रमाणवेळेचा फरक दोनदा मिळवला गेलाय. साडेपाच तास मागे असेल तर तो मिळवायचाच राहिलाय. नेमका अर्धा तास इकडे-तिकडे असेल तर कुठेतरी साडेपाचऐवजी पाच किंवा सहा भरलेत. परदेशी बनावटीच्या सॉफ्टवेअरमध्ये हा घोळ नेहमीचा, कारण जगातल्या बहुतेक देशांचा फरक पूर्ण तासांचा असतो आणि आपला साडेपाचाचा. ट्रकच्या आतल्या यंत्रांना आपसात बोलायला जे1939 नावाची जी भाषा आहे, तिच्यात तासांचा फरक एका खान्यात आणि मिनिटांचा दुसऱ्या खान्यात लिहितात. दुसरा खाना रिकामा राहिला की अर्धा तास गेला. फरक बरोबर बारा तासांचा असेल तर सकाळ-संध्याकाळची अदलाबदल झाली असणार.

तारखेची गंमत वेगळीच. 7 ऑगस्टची फेरी 8 जुलैला दिसायला लागली तर दिवस आणि महिना उलटलेत. हा दोष महिन्याच्या पहिल्या बारा दिवसांतच दिसतो, तेराव्या दिवसापासून आपोआप ‘बरा’ होतो, कारण तेरावा महिना नसतो. बहुतेक वेळा यात डब्याचा काहीच दोष नसतो, तुझ्याच ऑफिसातल्या कॉम्प्युटरचं सेटिंग अमेरिकन असतं आणि एक्सेल तारीख उलटी वाचतं. ओळखायची खूण सांगते: एक्सेलला जी तारीख कळली ती खान्यात उजवीकडे चिकटते, जी कळली नाही ती डावीकडे राहते. एकाच रकान्यात निम्म्या तारखा उजवीकडे आणि निम्म्या डावीकडे दिसल्या, तर गाडीकडे धावायची गरज नाही.

आता जुन्या तारखा. 1 जानेवारी 1970, पहाटे साडेपाच, अशी वेळ एखाद्या दिवशी नक्की दिसेल. घाबरू नकोस. कॉम्प्युटरांची वेळ 1970च्या पहिल्या क्षणापासून मोजायची पद्धत आहे. वेळ रिकामी आली, शून्य आली, की सर्व्हर त्या शून्याला भारतीय वेळ करून दाखवतो. म्हणजे डब्याने वेळच पाठवलेली नाही. 6 जानेवारी 1980 दिसलं तर रिसीव्हर जागा झालाय पण त्याला उपग्रहाकडून तारीख मिळालेली नाही, कारण जीपीएसची मोजणी त्या दिवसापासून सुरू होते. 1 जानेवारी 2000 दिसलं तर बहुधा डब्यातल्या घड्याळाचा सेल संपलाय आणि ते कारखान्यातल्या तारखेवर परत गेलंय. तीन तारखा, तीन वेगवेगळी दुखणी. नुसतं ‘तारीख चुकीची येते’ असं तक्रारीत लिहू नकोस, कोणती चुकीची तारीख येते ते लिही. जीपीएसवाल्याचं निम्मं काम तिथेच होतं.

याहून फसवं एक आहे. तारीख जवळजवळ वीस वर्षं मागची, पण वेळ सेकंदापर्यंत बरोबर आणि वारही बरोबर! जीपीएसच्या मूळ संदेशात आठवड्यांचा आकडा 1023पर्यंतच जातो, मग पुन्हा शून्य. 1024 आठवडे म्हणजे 7,168 दिवस. असं पहिल्यांदा ऑगस्ट 1999मध्ये झालं, नंतर 6 एप्रिल 2019च्या मध्यरात्री. पुढचं नोव्हेंबर 2038मध्ये आहे. 2019मध्ये न्यूयॉर्क महापालिकेचं स्वतःचं वायरलेस जाळं याच कारणाने दहाएक दिवस बंद पडलं होतं. पण आपल्याला त्या ठरलेल्या तारखांची वाट बघावी लागत नाही. काही रिसीव्हर आपलं सॉफ्टवेअर बनलं त्या दिवसापासून 1024 आठवडे मोजतात आणि मधल्याच एखाद्या आठवड्यात मागे उडी मारतात. 15 मार्च 2026चा रविवार 30 जुलै 2006चा रविवार होतो. वार जुळला की समज, डबा जुना आहे, त्याचं सॉफ्टवेअर बदलायला हवं. गाडीच्या वायरी उचकटून काही होणार नाही.

आणि दोन-तीन सेकंदांची उडी? ती सोडून दे. जीपीएसची वेळ जागतिक प्रमाणवेळेपेक्षा 1 जानेवारी 2017पासून 18 सेकंद पुढे आहे. हा आकडा उपग्रह साडेबारा मिनिटांतून एकदाच सांगतात. थंड पडलेला रिसीव्हर तो ऐकेपर्यंत जुन्या आकड्यावर चालतो आणि मग दोन-तीन सेकंद सरकतो. भाड्याच्या हिशोबात याने काही बिघडत नाही.

डब्याच्या आतल्या घड्याळाचीही ओळख करून घे. त्यात एक छोटा क्रिस्टल सेकंदाला 32,768 वेळा थरथरतो. हा आकडा पंधरा वेळा निम्मा केला की एक उरतो, तोच एक सेकंद. चांगल्या क्रिस्टलचं घड्याळही दिवसाला पावणेदोन सेकंद, महिन्याला मिनिटभर इकडे-तिकडे होऊ शकतं. हा क्रिस्टल साधारण 25 अंशांना सुखात असतो. मे महिन्यात मालेगावला उन्हात उभ्या गाडीचा डॅशबोर्ड तापला की तो मागे पडतो, आणि डिसेंबरात निफाडच्या थंडीतही मागेच पडतो. डॅशखाली 65 अंश झाले तर दिवसाला आणखी चार-पाच सेकंद. रस्त्यावर धावणारी गाडी उपग्रहाकडून वेळ सतत दुरुस्त करून घेते, म्हणून हे कधी जाणवत नाही. महिना-दोन महिने पत्र्याच्या शेडमध्ये उभ्या असलेल्या गाडीत मात्र जाणवतं. म्हणजे फरक थोडा असेल आणि दिवसागणिक हळूहळू वाढत असेल, तर उपग्रहाचा सिग्नलच पोचत नाहीये. अँटेना बघ, तिच्यावर कोणी लोखंडी पेटी ठेवलीय का बघ.

ही सगळी लक्षणं ऐकून जीपीएसवाला तुला एक ठरलेलं उत्तर देईल, ‘मॅडम, सॅटेलाइटचा प्रॉब्लेम आहे.’ इथे गडबडू नकोस. उपग्रहाची घड्याळं बिघडतात, खोटं नाही. नाविक या आपल्या स्वतःच्या जीपीएससारख्या यंत्रणेच्या पहिल्या उपग्रहातली तिन्ही रुबिडियम घड्याळं बंद पडल्याचं इस्रोने जानेवारी 2017मध्ये सांगितलं होतं. त्याच्या जागी पाठवलेला उपग्रह ऑगस्ट 2017मध्ये प्रक्षेपण यानाचं आवरण न उघडल्याने वाया गेला, आणि आपल्याकडेच बनवलेलं रुबिडियम घड्याळ घेऊन एनव्हीएस-01 हा उपग्रह 29 मे 2023ला वर गेला. पण उपग्रहाचं घड्याळ चुकलं तर आधी जागा चुकते. सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाची चूक म्हणजे जमिनीवर 300 मीटर. गाडी घोटीच्या नाक्यावर बरोबर लेनमध्ये दिसतेय आणि वेळ अर्ध्या तासाने चुकतेय, तर दोष आकाशातला असूच शकत नाही. एवढं वाक्य शांतपणे बोल. पुढच्या वेळी तो सॅटेलाइटचं नाव काढायच्या आधी दोनदा विचार करेल.

आता घाटाचं सांगते, कारण आपल्या मुंबई लाइनवर रोजचा ताप हाच. इगतपुरी सोडलं की कसाऱ्यापर्यंत मोबाइलची रेंज ये-जा करते, आणि समृद्धी महामार्गावर तर जवळजवळ आठ किलोमीटरचा बोगदा आहे. रेंज नसली की डबा पॅकेटं साठवून ठेवतो आणि रेंज आली की एकदम पाठवतो. एआयएस-140च्या डब्यात अशा 40,000 नोंदी मावायला हव्यात असा नियमच आहे. म्हणजे प्रत्येक नोंदीला दोन वेळा असतात, घटना घडली ती आणि सर्व्हरला मिळाली ती. रिपोर्ट मिळाल्याच्या वेळेने लावलेला असेल, तर गाडी इगतपुरीला पाऊण तास थांबली आणि मग एका मिनिटात कसाऱ्याला पोचली असं दिसतं. आधी विनाकारण थांबल्याची सूचना, पाठोपाठ अतिवेगाची. दोन्ही खोट्या. अशा वेळी पॅकेटवरची खूण बघ, ताज्याला एल आणि साठवलेल्याला एच असं अक्षर असतं. एच दिसला की घटना घडल्याची वेळ धर, मिळाल्याची सोडून दे.

वीज हा दुसरा मोठा गुन्हेगार. ट्रक 24 व्होल्टवर चालतो. स्टार्टर मारताना व्होल्टेज क्षणभर खाली बसतं, आणि अर्थिंग ढिली असेल तर डबा बंद होऊन पुन्हा चालू होतो. कित्येक ड्रायव्हर रात्री गाडी उभी केली की बॅटरीचा कटऑफ बंद करतात. त्यात त्यांची लबाडी नसते, बॅटरी उतरू नये एवढीच काळजी असते. डब्याच्या आत चार तास पुरेल अशी बॅटरी असायला हवी, पण जुनी झाली की ती दम सोडते. मग रोज सकाळच्या पहिल्या काही नोंदी भलत्या तारखेच्या येतात आणि उपग्रह सापडला की सगळं सुरळीत. असा नमुना दिसला तर गाडी यार्डात आली की वायरमनला घेऊन जा. चावी बंद असताना डब्याच्या वायरीवर 24 व्होल्ट येतात का ते मल्टिमीटरने बघायला सांग. येत नसतील, तर बसवणाऱ्याने डबा थेट बॅटरीऐवजी चावीच्या लाइनवर जोडलाय. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, असं महिनोन्‌महिने चालतं गं. सॉफ्टवेअरवाले डोकं खाजवत बसतात आणि दोष असतो एका वायरीचा.

तर मग बसल्या जागेवरून सुरुवात कशी करायची? पहिला प्रश्न: एकाच गाडीची वेळ चुकतेय की सगळ्यांची? सगळ्यांची चुकत असेल तर सर्व्हर किंवा रिपोर्ट. सर्व्हरवाल्याला विचार, त्याचं घड्याळ एनआयसीच्या किंवा दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेच्या वेळेशी जुळवलंय का; सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेने 28 एप्रिल 2022च्या आदेशात तसं बंधनच घातलंय. एकाच मॉडेलच्या डब्यांची चुकत असेल तर त्यातलं सॉफ्टवेअर. एकाच गाडीची असेल तर डबा किंवा वायरिंग. दुसरा प्रश्न: फरक कायम आहे की बदलतोय? कायम असेल तर कोणीतरी आकडा चुकीचा भरलाय. बदलत असेल तर काहीतरी झिजतंय किंवा तुटतंय. तिसरा प्रश्न: हे कधीपासून, आणि त्याच्या आदल्या दिवशी काय बदललं? डबा, सिम, बॅटरी, सर्व्हर, की रिपोर्ट काढणारा माणूस?

मग साक्षीदार गोळा कर, आणि ते त्या डब्याशी नातं नसलेले हवेत. फास्टॅग सगळ्यात चांगला. पडघा, घोटी, पिंपळगाव बसवंत, शिंदे, कुठल्याही नाक्याची नोंद चालेल. पण मोबाइलवर मेसेज आला ती वेळ धरू नकोस, मेसेज उशिरा येतो. स्टेटमेंटमध्ये टॅग वाचल्याची वेळ असते ती घे. दुसरा साक्षीदार वजनकाट्याची पावती, तिसरा गेटवरची वही. डॅशबोर्डवरचं घड्याळ साक्षीला नको, ते ड्रायव्हर हाताने लावतो. द्राक्षांच्या कंटेनरमधल्या तापमानाच्या नोंदी जागतिक वेळेत असू शकतात, त्या आधी साडेपाच तास मिळवून मग जुळव. नाहीतर काहीच बिघडलेलं नसताना दोष सापडल्यासारखा वाटेल.

आणि एक चाचणी अशी, की जिला काही खर्च नाही. गाडी यार्डात उभी असताना, फक्त उभी असतानाच, ड्रायव्हरला फोन कर: ‘मामा, चावी बंद करून परत चालू करा.’ त्याच क्षणी आपल्या मोबाइलवरची वेळ लिहून ठेव. मग त्या घटनेची नोंद स्क्रीनवर काय वेळ दाखवते ते बघ. मूळ पॅकेट मागवता आलं तर त्यातलीही वेळ बघ. मूळ पॅकेट बरोबर आणि रिपोर्ट चूक, तर डबा सुटला. मूळ पॅकेटच चूक, तर सर्व्हर सुटला.

आता माणसांविषयी, कारण यंत्रं तू शिकशीलच. ड्रायव्हरला फोन केलास की ‘तुम्ही रात्री दीडला का निघालात’ असं म्हणू नकोस. ‘दादा, घोटी किती वाजता सोडलंत?’ एवढंच विचार आणि गप्प बस. वेळ तू सांगितलीस तर तो घाबरून तिच्या जवळची वेळ सांगेल. त्याला सांगू दिलंस तर खरी मिळेल. या माणसांचे दिवस घड्याळावर तोलले जातात, त्यांना निदान बरोबर घड्याळ तरी मिळायला हवं. 1961च्या मोटार वाहतूक कामगार कायद्याने दिवसाला आठ आणि आठवड्याला अठ्ठेचाळीस तास ठरवले होते. युरोपात नव्या ट्रकांना 2006पासून डिजिटल टॅकोग्राफ सक्तीचा झाला. अमेरिकेत ड्रायव्हरचे तास नोंदवणाऱ्या यंत्राचं घड्याळ दहा मिनिटांहून जास्त चुकलं, तर यंत्राला स्वतःहूनच बिघाडाची खूण दाखवावी लागते. आपल्याकडे ती खूण दाखवणारं यंत्र म्हणजे सध्या तू.

पण दुसरी बाजूही ऐक. घड्याळ ठणठणीत असतं आणि गाडी खरंच ढाब्यावर तीन तास उभी असते, असंही होतं. फरकाला काही आकार नसेल, तीन साक्षीदार रिपोर्टाच्या बाजूने असतील, तर घड्याळाच्या नावावर कोणाला सोडू नकोस. तू ड्रायव्हरची नाहीस आणि मालकाचीही नाहीस, तू हिशोबाची आहेस, हे दोघांनाही कळायला थोडे दिवस जातील. जाऊ दे.

रिपोर्ट दुरुस्त करायची वेळ आली तर गुपचूप खोडू नकोस. जुनी वेळ, नवी वेळ, फरक, कारण आणि साक्षीदार, हे सगळं लिहून मालकाची सही घे, आणि कोणाचे पैसे कापले गेले असतील तर ते परत मिळाले का हे पुढच्या पगाराला विचार. लोक वेळ दुरुस्त करतात आणि कापलेले पैसे विसरतात.

‘तुला काय कळतं वायरिंगमधलं’ असं यार्डात कोणीतरी म्हणणारच. वाद घालू नकोस. बंद बूट घालून जा, मल्टिमीटर स्वतःचा घे, आणि चावी बंद असताना किती व्होल्ट येतात एवढंच विचार. आकडा बोलला की बोलणाऱ्याचं वय आणि पदर कोणी बघत नाही. रात्रपाळी असेल तर घरी सोडायच्या गाडीचं आधी लेखी ठरवून घे, नोकरी नवीन आहे म्हणून संकोच करू नकोस.

आणि एक वही ठेव. गाडीचा नंबर, फरकाचा आकडा, कारण कुठे सापडलं, किती पैसे वाचले किंवा परत मिळाले, एवढंच प्रत्येक प्रकरणाचं एका ओळीत. वर्षभराने तिच्यात तुला असं काही सापडेल जे कुठल्याच कंपनीच्या पुस्तकात नाही: तुझ्या गाड्या, तुझे रस्ते आणि तुझे डबे नेमके कुठे आणि कसे चुकतात. मालकाकडे पगारवाढ मागायला जाशील तेव्हा ‘मी मन लावून काम करते’ वगैरे म्हणत बसू नकोस. वही उघडून त्याच्या पुढे ठेव आणि पैशांच्या रकान्याची बेरीज त्यालाच करायला लाव.